वाचकांचे प्रश्न : इंधनाचे दर आणि उन्हाचा हिशेब

इंधनाची दरवाढ आणि सौरविजेची खरी किंमत या विषयावर आलेल्या पत्रांतून पाच पत्रे येथे घेतली आहेत. जागेअभावी ती संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : कच्चे तेल स्वस्त झाल्याच्या बातम्या येतात, पण पंपावरचा आकडा हलत नाही. २००८ मध्ये तेल पिंपाला १४७ डॉलरवर गेले होते, तरी तेव्हा पेट्रोल आजच्या निम्म्या भावात मिळत होते. मग आज ही लूट नेमकी कोण करते? — एक वाचक, ठाणे

आपण डॉलरचा भाव पाहिलात, आता रुपयांचा पाहू. एका पिंपात १५९ लिटर तेल असते. जुलै २००८ मध्ये डॉलर सुमारे ४३ रुपयांना होता, म्हणजे १४७ डॉलरच्या पिंपातले कच्चे तेल लिटरमागे ४० रुपयांच्या आतबाहेर पडत होते. २०२५ च्या उन्हाळ्यात डॉलर ८५ रुपयांच्या घरात होता. त्या दराने ७० डॉलरच्या पिंपातले तेल लिटरमागे ३७ रुपये पडते. जगाच्या बाजारात तेल निम्म्यावर आले, पण रुपयाही निम्मा झाला, आणि आपण कच्च्या तेलाच्या गरजेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आयात करत असल्यामुळे स्वस्ताईचा लाभ वाटेतच जिरला.

उरलेला फरक कराचा आहे. २००८ मध्ये सरकार पंपावरचा भाव रोखून धरत होते आणि तेल कंपन्यांचा तोटा रोख्यांच्या रूपाने पुढच्या पिढीच्या खात्यावर टाकत होते. पेट्रोलचे दर २०१० मध्ये आणि डिझेलचे २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त झाले. मात्र २०२० मध्ये तेल कोसळले, तेव्हा मे महिन्यात केंद्राने पेट्रोलवरील शुल्क लिटरला १० रुपयांनी आणि डिझेलवरील १३ रुपयांनी वाढवले. ती घसरण ग्राहकापर्यंत आलीच नाही. नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये शुल्क कमी केले गेले हे खरे असले, तरी भाव चढताना ग्राहकाने सोसायचे आणि उतरताना तिजोरीने घ्यायचे ही रीत मला न्याय्य वाटत नाही. राज्याचा मूल्यवर्धित करही टक्केवारीने लागतो, त्यामुळे मूळ भाव वाढला की तोही आपोआप वाढतो.

प्रश्न : आमच्या विहिरीवर पाच अश्वशक्तीचे डिझेल इंजिन आहे. सौरपंप घ्यावा असे सगळे सांगतात, पण शेजाऱ्याचा पंप बिघडून दोन महिने पडून होता. खरोखर परवडतो का? — एक शेतकरी, माण तालुका, जि. सातारा

परवडतो की नाही, हे आपले इंजिन वर्षाला किती तास चालते त्यावर ठरते, आणि नेमके हेच कोणी विचारत नाही. पाच अश्वशक्तीचे इंजिन भरल्या भाराने तासाला साधारण एक लिटर डिझेल पिते. लिटरला ९० रुपये धरले आणि इंजिन वर्षाला ६०० तास चालले, तर ५४,००० रुपये निव्वळ डिझेलचे होतात. ऑइल, नोझल, पिस्टन रिंगा आणि डिझेलचे कॅन आणायला तालुक्याला मारलेल्या खेपा यांचा खर्च वेगळा. तेवढ्याच शक्तीचा सौरपंप बाजारभावाने तीन लाखांना पडतो असे धरू. ही रक्कम दहा टक्के व्याजाने काढली, तर डिझेलच्या बचतीतून ती फिटायला साडेआठ वर्षे लागतील. इंजिन वर्षाला २०० तासच चालत असेल, तर बचत १८,००० रुपयांची आणि पहिल्या वर्षाचे व्याज ३०,००० रुपयांचे होईल. म्हणजे अनुदान नसेल तर अशा शेतकऱ्याला आज डिझेलच स्वस्त आहे, आणि हे त्याला स्पष्ट सांगितले पाहिजे.

‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेमुळे मात्र गणित पालटते. तीत सर्वसाधारण शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला ५ टक्केच भरावे लागतात. ६०० तासांचे इंजिन असेल, तर आपला हिस्सा एका हंगामात निघतो.

आता बिघाडाविषयी. या योजनेतील पंपाला पाच वर्षांची दुरुस्तीची हमी आणि विमा असतो. हमीचा कागद, पंपाचा व कंट्रोलरचा क्रमांक आणि तक्रारीची तारीख आपल्या वहीत लिहून ठेवा, कारण केवळ फोनवर केलेल्या तक्रारीचा नंतर पुरावा राहत नाही. शेजाऱ्यांनी लेखी तक्रार केली होती का, हे त्यांना जरूर विचारा.

एका नातेवाइकाच्या मळ्यात मी सौरपंप दिवसभर पाहिला आहे. सकाळी आठला पाइपातून बोटभर धार पडत होती, अकराच्या सुमारास पाइप तोंडोतोंड वाहू लागला, मध्येच ढग आला तेव्हा धार आवळली आणि ढग सरताच पुन्हा फुगली. आठवड्याची धूळ ओल्या फडक्याने पुसली, तेव्हा फडके मातीच्या रंगाचे झाले. इंजिनासारखा एकसारखा उपसा सौरपंपाकडून मिळत नाही, म्हणून पाणी एखाद्या टाकीत किंवा शेततळ्यात घेऊन तेथून ठिबकला देणे उत्तम. मनापासून आणखी एक विनंती आहे. डिझेलचा खर्च डोळ्यांसमोर असला की माणूस पाणी मोजून उपसतो. उपसा फुकट झाल्यावरही हात तसाच राखून ठेवा, माणच्या विहिरींना अतिउपसा झेपणार नाही.

प्रश्न : सौरवीज दोन-तीन रुपये युनिटने मिळते असे वाचतो. मग माझ्या वीजबिलात दरवर्षी वाढ का होते, आणि त्यातील ‘इंधन समायोजन आकार’ म्हणजे काय? सौरऊर्जा स्वस्त असल्याचा दावा खोटा आहे का? — एक वाचक, पुणे

दावा खोटा नाही, अर्धा आहे. २०१० मध्ये राष्ट्रीय सौर अभियानाच्या पहिल्या लिलावात सरासरी दर युनिटला १२ रुपयांच्या आसपास आला होता. मे २०१७ मध्ये राजस्थानातील भडला येथे तो २ रुपये ४४ पैशांवर आणि डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या निविदेत १ रुपया ९९ पैशांवर उतरला. २०२२ पासून आयात पॅनेलवर ४० टक्के सीमाशुल्क लागल्यावर तो पुन्हा काहीसा चढला. दहा वर्षांत इतकी घसरण दुसऱ्या कोणत्याही विजेच्या बाबतीत झालेली नाही. पण हा दर प्रकल्पाच्या फाटकापाशी, ऊन असताना तयार होणाऱ्या युनिटचा आहे. आपल्या घरातला दिवा रात्री आठला लागतो.

सूर्य मावळला की सौर उत्पादन शून्यावर येते आणि नेमक्या त्याच वेळी घरोघरी दिवे, पंखे, वातानुकूलन यंत्रे सुरू होतात. संध्याकाळच्या चार तासांसाठी चंद्रपूरसारखी औष्णिक केंद्रे तयार ठेवावी लागतात, आणि दुपारी त्यांच्याकडून कमी वीज घेतली तरी करारातला स्थिर खर्च द्यावाच लागतो. कोयनेचा जलविद्युत प्रकल्प हा आपला मोठा आधार आहे, क्षमता १,९६० मेगावॅटची. पण तेथे वीज करून पश्चिमेकडे सोडायच्या पाण्याला नदीच्या पाणीवाटपाच्या कृष्णा लवादाने ६७.५ टीएमसीची (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) मर्यादा घातली आहे. दुपारच्या स्वस्त विजेने पाणी वर चढवून संध्याकाळी ते खाली सोडणारा घाटघर प्रकल्प २५० मेगावॅटचा आहे. महाराष्ट्राच्या मागणीपुढे तो फार लहान आहे आणि सह्याद्रीत असे आणखी प्रकल्प हवेत, हे माझे जुने मत आहे. बॅटरीचे चित्र मात्र झपाट्याने बदलते आहे. दोन तास साठवणाऱ्या बॅटरीसाठी २०२२ मध्ये मेगावॅटमागे दरमहा सुमारे १०.८ लाख रुपयांचा दर आला होता. पुढच्या दोन-तीन वर्षांत तो अडीच लाखांच्या खाली गेला.

‘इंधन समायोजन आकार’ ही इंधनाच्या दरवाढीची पावती आहे. कोळसा, वायू किंवा बाहेरून घेतलेली वीज ठरलेल्या अंदाजापेक्षा महाग पडली, की तो फरक नंतरच्या बिलांतून आपल्याकडून वसूल होतो. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात कोळशाची टंचाई झाली, केंद्राने औष्णिक केंद्रांना १० टक्के आयात कोळसा मिसळायला सांगितले आणि त्याचा भार या रकान्यातून घरोघरी पोहोचला. कोकणातील दाभोळ वीज प्रकल्पाचा अनुभव आपल्याकडील ज्येष्ठ वाचक विसरले नसतील. नाफ्ता या खनिज तेलापासूनच्या इंधनाच्या आणि डॉलरच्या भावाला बांधलेली ती वीज राज्य वीज मंडळाला पेलली नाही, आणि २००१ मध्ये खरेदी थांबवावी लागली. सौर प्रकल्पाचा दर बहुधा पंचवीस वर्षांसाठी करारात ठरलेला असतो. त्यात हा रकाना येत नाही, आणि मला सौरविजेचा सर्वांत मोठा फायदा हाच वाटतो.

राहिला दरवाढीचा प्रश्न. वहन आकार (वीज तारांतून घरापर्यंत आणण्याचा), स्थिर आकार, वीजगळती, थकबाकी आणि शेतीपंपांच्या सवलतीचा इतर ग्राहकांवर पडणारा भार हे सगळे त्या बिलात आहे, आणि पॅनेल स्वस्त झाल्याने यातले काही आपोआप घटत नाही. शेतीचा भार मात्र सौरविजेने हलका होऊ शकतो. मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजनेत गावाजवळच्या प्रकल्पातून तीन रुपयांच्या आसपास दराने मिळणारी वीज थेट शेतीच्या फीडरला, म्हणजे शेतीपंपांना वीज देणाऱ्या वाहिनीला जाते. शेतकऱ्याला वीज दिवसा लागते, सौरवीजही दिवसाच होते, त्यामुळे साठवणीचा खर्च येत नाही. रात्रपाळीच्या विजेसाठी विंचूकाट्यातून आणि बिबट्याच्या भीतीत बारे द्यायला जाणाऱ्या माणसाला दिवसा पाणी मिळते, हा लाभ पैशांत मांडता येत नाही.

प्रश्न : अनुदान काढून घेतले तर सौरऊर्जा एक दिवस तरी टिकेल का? द्यायचेच तर ते गरजूंपुरते असावे, असे माझे मत आहे. — एक वाचक, सोलापूर

मोठे प्रकल्प आजही लिलावातल्या दरावरच उभे राहतात. अनुदान लागते ते छोट्या घराला आणि छोट्या शेतकऱ्याला, कारण पंचवीस वर्षांचा खर्च त्यांना पहिल्याच दिवशी भरावा लागतो आणि स्वस्त कर्ज त्यांना मिळत नाही. रॉकेल, स्वयंपाकाचा गॅस आणि डिझेल यांवर आपण कित्येक दशके अनुदान दिले, ते जळून गेले आणि पुढच्या महिन्यात पुन्हा द्यावे लागले. पॅनेलवरचे अनुदान एकदाच द्यावे लागते. ते गरजूंपुरते असावे, या आपल्या मताशी मात्र मी सहमत आहे.

प्रश्न : माझे स्वतःचे घर आहे, महिन्याला २२० युनिट लागतात. विक्रेता गच्चीवर ५ किलोवॅटची सौरयंत्रणा कर्जाने घ्या म्हणतो. घ्यावी का? — एक निवृत्त शिक्षक, नागपूर

पाच किलोवॅट घेऊ नका. एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट देतो. धूळ आणि पावसाळा वजा करूनही दोन किलोवॅटमधून महिन्याला सरासरी २३० युनिट मिळतील, आणि आपली गरज तेवढीच आहे. वर्षअखेरीस उरलेल्या युनिटला मिळणारा दर आपण भरता त्या दरापेक्षा बराच कमी असतो, म्हणून जास्तीची क्षमता परवडत नाही. ‘पीएम सूर्यघर’ योजनेत दोन किलोवॅटला ६०,००० रुपये अनुदान आहे. तीन किलोवॅटला ते ७८,००० होते आणि पुढे कितीही क्षमता घेतली तरी वाढत नाही. किलोवॅटला ६०,००० रुपये खर्च धरला, तर आपल्या खिशातून ६०,००० जातील. मात्र अनुदान यंत्रणा बसल्यावर खात्यात जमा होते, तोवर पूर्ण रकमेची सोय आपल्यालाच करावी लागते.

दहा-बारा वर्षांनी इन्व्हर्टर बदलावा लागेल, त्याचे २५ ते ३० हजार रुपये आत्ताच हिशेबात धरा. यंत्रणा बसली तरी स्थिर आकार बिलात राहतो, हेही ध्यानात असू द्या. कर्ज घ्यायचेच झाले, तर विक्रेत्याने आणलेल्या वित्त कंपनीआधी राष्ट्रीयीकृत बँकेत चौकशी करा.

आणि करार करण्यापूर्वी एकदा गच्चीवर जाऊन सावली पाहा. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कलतो, तेव्हा दुपारी तीनच्या सुमारास पाण्याच्या टाकीची किंवा शेजारच्या कडुनिंबाची सावली कुठवर येते, तेथे खडूने रेघ मारून ठेवा. साध्या जोडणीत एका पॅनेलवर सावली पडली तरी संपूर्ण ओळीचे उत्पादन घटते, म्हणून त्या रेघेच्या आत एकही पॅनेल बसवू देऊ नका.