खड्डा भरला, आता कुणाला बोलवायचं?

प्रश्न : ताई, आमचा संडास 2017 साली बारा हजारांच्या अनुदानातून बांधला. मागे दोन शोषखड्डे आहेत. घरात आम्ही सहा माणसं. यंदा उन्हाळ्यापासून भांड्यातलं पाणी लवकर उतरत नाही, बुडबुडे येतात. दीर म्हणतात, खड्डे भरले, माणूस बोलावून उपसून घेऊ. शेजारचे म्हणतात, हे मोडा आणि सेप्टिक टाकी बांधा. सासूबाईंनी तर पुन्हा पाणंद धरली. मला आणि मुलीला पहाटे अंधारात टमरेल घेऊन जायचं नाही. काय करावं? – एक वाचक, जि. परभणी

उत्तर : माणूस बोलावू नका. आधी दिरांच्या हातात खुरपं द्या आणि चेंबर उघडायला सांगा.

संडासाच्या मागे, जिथून दोन खड्ड्यांकडे दोन वाटा फुटतात, तिथे हातभर लांबी-रुंदीचं चेंबर असतं. वर फरशी, बऱ्याचदा मातीखाली गेलेली. आत दोन तोंडं दिसतील. एक मोकळं आणि दुसरं विटेच्या तुकड्याने, चिखलाने बुजवलेलं असायला हवं. माझी शंका आहे की तुमच्याकडे दोन्ही मोकळी असणार. पाच-सहा माणसांना एक खड्डा साधारण तीन वर्षं पुरेल असं माप धरलेलं असतं. म्हणजे एव्हाना एकदा तरी तुम्ही तोंड बदलायला हवं होतं, आणि तुमच्या पत्रात त्याचा शब्दही नाही.

सरकारी संडास योजनेची गट समन्वयक म्हणून तालुक्यात फिरत होते तेव्हा हे चेंबर मी इतक्यांदा उघडलंय की आता पत्र वाचूनच वास येतो. गवंडी म्हणायचा, ‘‘दोन्हीकडं वाटून जाऊ द्या की, लवकर भरत नाही.’’ ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण दोन खड्डे करायचे ते एकाला विश्रांती मिळावी म्हणून. दोन्ही चालू ठेवले की दोन्हींत ताजा मैला, आणि उपसण्याजोगा एकही नाही. आम्हीही त्या वेळी फोटो काढून पुढच्या घरी पळायचो. चेंबरमध्ये वाकून बघायला फुरसत कुणाला होती!

आता करायचं असं. दोन्ही खड्ड्यांची झाकणं सरकवा आणि लांब उभे राहा. विडी-काडी जवळ नको, आत वाकायचं नाही, उतरायचं तर मुळीच नाही. मैल्याचा वायू माणसाला हाक मारायलाही वेळ देत नाही. ज्या खड्ड्यात पातळी जास्त, त्याचं तोंड चेंबरमध्ये बुजवा आणि दुसरा वापरात ठेवा. दोन्ही पाइपापर्यंत भरले असतील, तर एकच खड्डा मैला ओढणाऱ्या टँकरने पाइप टाकून रिकामा करून घ्या आणि तो वापरा. भरलेला दुसरा झाकून ठेवा. खिळ्याने झाकणावर तारीख कोरा. निदान दीड-दोन वर्षं त्याला हात लावायचा नाही.

दिरांना हेही सांगा की न कुजलेला मैला माणूस लावून हाताने उचलून घेणं हा 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. त्या कायद्यातली रेघ मला फार नेमकी वाटते : मैला पूर्ण कुजण्याआधी. कुजल्यावर तो मैला राहतच नाही. मग दिरांनी स्वतः घमेलं उचलावं. ‘‘माणूस बोलावू’’ म्हणताना कुठल्या वस्तीतला माणूस त्यांच्या डोळ्यांसमोर आला, हे मी विचारत नाही. त्यांना ठाऊक आहे.

आमच्या घरचा पहिला खड्डा मीच उपसला. नवरा ओट्यावरून बघत होता. फावडं लागलं तेव्हा वर कोरडी, चहाच्या चोथ्यासारखी भुरभुरीत काळी माती निघाली. मुठीत घेऊन हुंगली, तर पहिल्या पावसासारखा वास. तळाशी जरा ओल होती, तेवढं उन्हात पसरलं. मधेच एक शाम्पूची पुडी निघाली, अगदी नवीकोरी! ती तेवढी कुजली नव्हती. खत लिंबाच्या आळ्यात घातलं. सासूबाईंनी वर्षभर त्या झाडाचं लिंबू खाल्लं नाही. नंतर लोणचं घातलं, काही न बोलता. तेव्हा तुमच्या सासूबाईंशी वाद घालू नका, उपसायच्या दिवशी जवळ खुर्ची टाकून बसवा. फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्राच्या पेयजल व स्वच्छता मंत्रालयाचे तेव्हाचे सचिव परमेश्वरन अय्यर तेलंगणातल्या गंगादेवीपल्लीत स्वतः अशा पूर्ण कुजलेल्या खड्ड्यात उतरून खत काढत होते. आणि ही काही दिल्लीची अक्कल नव्हे. आपल्या कोकणातले गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धन यांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात सोनखताचे, म्हणजे मैल्याचं खत करणारे, संडास कितीतरी आधी करून दाखवले होते.

सेप्टिक टाकी नको. तिचं पाणी बाहेर कुठेतरी सोडावंच लागतं. शोषखड्डा नसेल तर ते गटारात येतं, आणि दर काही वर्षांनी टँकर आहेच.

एक गोष्ट मात्र तपासा. तुमच्याकडची जमीन काळी असेल तर ती फुगते आणि पाणी धरून ठेवते. अशा जमिनीत खड्ड्याच्या जाळीच्या (विटांत भोकं ठेवलेल्या) बांधकामाबाहेर चौफेर फूटभर वाळू-खडीचा थर लागतो. गवंड्याने तो घातला का, विचारा. नसेल, तर खड्डा भरलेला नसतानाही पाणी तुंबतं. पावसाळ्यात तुंबून उन्हाळ्यात मोकळं होत असेल तर दोष मातीचा. तुमचं उन्हाळ्यातच सुरू झालं, म्हणून मी खड्ड्यावर बोट ठेवलं. थर नसेल तर रिकाम्या झालेल्या खड्ड्याभोवती तो आता भरून घ्या, कडेने खणायला एक दिवस लागेल. न्हाणीचं पाणी खड्ड्यात सोडलंय का, तेही बघा. असेल तर आजच तोडा. ॲसिड, फिनेल भांड्यात ओतू नका. खड्ड्यातले जंतू मरतात आणि कुजणं थांबतं. मुलीला सांगा, पॅड भांड्यात टाकायचं नाही.

चेंबर उघडल्यावर किती तोंडं मोकळी निघाली, तेवढं एका ओळीत कळवा.