अकरा जण, दोन रात्री पोलीस ठाण्यात: भरपाई एकत्र मागता येईल का?

प्रश्न: ऊसदर आंदोलनाच्या आदल्या संध्याकाळी आम्हा अकरा जणांना कोल्हापूरजवळच्या आमच्या गावातून पोलिसांनी उचललं. दोन रात्री ठाण्यात बसवलं, कुणापुढं उभं केलं नाही. सोडताना 'आमची काही तक्रार नाही' अशा कागदावर सह्या घेतल्या. घरी म्हातारी आई एकटी; दोन दिवस डेअरीला दूध गेलं नाही. सात आठवडे झालेत. सगळ्यांनी मिळून एकच दावा लावता येईल का?

उत्तर: भाऊ, एकत्र लढता येईल, आणि लढावं असंच माझं मत आहे. फक्त वाट नीट निवडा.

परदेशात एकाने सर्वांच्या वतीने दावा लावायचा आणि रक्कम वाटून घ्यायची, अशी पद्धत आहे. आपल्या दिवाणी संहितेत ऑर्डर 1 नियम 8 त्याच्या जवळ जातो, पण तो सगळ्यांचं हित एकच असेल तिथं शोभतो. तुमच्यातल्या कुणाचं दूध बुडालं, कुणाची एमआयडीसीतली हजेरी, कुणाची परीक्षा. म्हणून अकराही जणांनी एकाच रिट याचिकेत (मूलभूत हक्क मोडला म्हणून थेट हायकोर्टात करायचा अर्ज) अर्जदार व्हावं आणि प्रत्येकाने आपली भरपाई स्वतंत्र मागावी. कोर्ट फी मात्र माणशी लागेल असं धरून चला.

पुण्यातून दोघी मायलेकींना मध्य प्रदेश पोलिसांनी बेकायदा अटक केली होती. त्या रिनी जोहर प्रकरणात 2016 साली सुप्रीम कोर्टाने दोघींना प्रत्येकी 5 लाख रुपये द्यायला लावले. याचिका एक, रक्कम दोघींना वेगळी. ही वाट उघडली 1983 च्या रुदुल शाह निकालाने: निर्दोष सुटल्यावरही चौदा वर्षं बिहारच्या तुरुंगात राहिलेल्या माणसाला 35 हजार मिळाले. आकडा तेव्हाही तुटपुंजाच होता, पण मूलभूत हक्क मोडला तर सरकारने पैसे मोजायचे, हे तिथं ठरलं.

याचिकेसाठी आता मुंबई गाठायची गरज नाही. 18 ऑगस्ट 2025 पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं.

तुमचा मुख्य मुद्दा राज्यघटनेच्या कलम 22(2) चा: अटकेपासून प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांत मॅजिस्ट्रेटसमोर. प्रतिबंधक अटकेलाही (नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 170, जुन्या फौजदारी संहितेचं 151) हीच 24 तासांची मर्यादा आहे. पोलीस बहुधा म्हणतील, अटक नव्हतीच, नुसतं बसवून ठेवलं होतं. उठून घरी जाता येत नव्हतं ना? मग ती अटकच. एक गोष्ट मात्र मला खरी खरी सांगा: तहसीलदारांसमोर नेऊन चॅप्टर केसचा बाँड, म्हणजे शांतता राखण्याची लेखी हमी, कुणाकडून घेतला होता का? तसं असेल तर त्या माणसाची बाजू वेगळी मांडावी लागेल.

त्या सहीच्या कागदाची धास्ती घेऊ नका. मूलभूत हक्क सही करून सोडून देता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 1985 साली ओल्गा टेलिस निकालात सांगितलंय.

आता पुरावा, कारण खटला इथंच जिंकला किंवा हरला जातो. 2020 च्या परमवीर सिंग सैनी निकालानुसार ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण 18 महिने, निदान एक वर्ष तरी, जपायचं असतं. तरी ते जपून ठेवा असं पोलीस अधीक्षकांना उद्याच लेखी कळवा आणि पोच घ्या. स्टेशन डायरीची नक्कल माहिती अधिकारात मागा. आणि दूध संस्थेचं तुमचं पुस्तक काढा. रोज सकाळ-संध्याकाळ लिटर आणि फॅट लिहिलेलं, मध्येच चार रकाने कोरे. तारखेसकट असा कागद मला विकत मिळणार नाही. तसाच प्रत्येकाने आपला शोधावा.

मुदतीचं बजावून सांगतो. रिटला ठरीव मुदत नाही, पण उशीर अंगाशी येतो. दिवाणी दावाही हाताशी ठेवायचा असेल तर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 161 मध्ये सहा महिनेच आहेत आणि सरकारला दिवाणी संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस आधी द्यावी लागते. तुमचे सात आठवडे गेलेत. मानवी हक्क आयोगाकडे वर्षभरात जाता येतं, मात्र आयोग शिफारस करतो, हुकूम नाही.

वकिलाचा खर्च झेपत नसेल त्याने कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करावा.

येत्या रविवारी अकराही जण बसा, पण जबाब एकमेकांचे बघून लिहू नका. किती वाजता उचललं, रात्री जेवायला काय दिलं, घरी कुणाला कळवू दिलं का, सुटलो तेव्हा बाहेर कोण उभं होतं. ज्याचं त्याने, ज्याच्या त्याच्या अक्षरात. ती अकरा पानं घेऊन या.