अर्ज घेण्याआधी विचारायचा प्रश्न

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप दोनदा वाचला. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, सरकारी मदत देणाऱ्या ऑफिसात रुजू होऊन तुला जेमतेम आठवडा झालाय, आणि तेवढ्यात सुपरव्हायझरच्या तोंडून ‘डायव्हर्जन’ (महिन्याच्या मदतीऐवजी एकरकमी पैसे देऊन अडचण सोडवणं) हा शब्द इतक्यांदा ऐकलास की तुला शंका आली: मदत मागायला आलेल्यांना दारातूनच वाटेला लावायचं, हेच का आपलं काम? शंका रास्त आहे. अशाच एका ऑफिसात मी एकवीस वर्षं काढली आणि ही शंका मला शेवटपर्यंत सोडून गेली नाही. ज्यांची ती शंका गेली असे सहकारीही पाहिले. त्यांच्या टेबलापुढची रांग फार भराभर सरकायची.

इतिहास तुला ट्रेनिंगमध्ये एका स्लाइडवर दाखवला असेल, पण तो नीट समजून घे. मुलं असलेल्या गरजू कुटुंबांना रोख मदत देण्याची योजना अमेरिकेत १९३५ च्या सोशल सिक्युरिटी कायद्यापासूनची. २२ ऑगस्ट १९९६ ला अध्यक्ष क्लिंटन यांनी नव्या कायद्यावर सही केली, जुनी योजना संपली आणि टॅनफ, म्हणजे गरजू कुटुंबांसाठी तात्पुरत्या मदतीची योजना, आली. पात्र असलात तर मदत मिळणारच, ही हमी त्या दिवशी गेली. केंद्राच्या पैशातून मिळणाऱ्या रोख मदतीवर अख्ख्या आयुष्यात ६० महिन्यांची मर्यादा आली. काही राज्यांनी ती आणखी आखूड केली. मदत घेणाऱ्याने साधारण आठवड्याला ३० तास कामात असावं, सहा वर्षांखालचं मूल असलेल्या एकट्या आईला किंवा बापाला २० तास चालतील, असंही ठरलं.

हे साठ महिने म्हणजे समोर बसलेल्या बाईची शिल्लक. गाडी बिघडली म्हणून नोकरी जातेय अशी बाई मासिक मदतीवर चढली, तर सहाशे डॉलरच्या दुखण्यासाठी ती आयुष्यभराची शिल्लक खर्चायला लागते. बरं, ती मासिक मदत तरी केवढी? मिसिसिपीत तीन माणसांच्या कुटुंबाला २०२१ पर्यंत महिन्याला जास्तीत जास्त १७० डॉलर मिळायचे, मग ते २६० केले. त्यात गाडी दुरुस्त होत नाही आणि भाडंही भागत नाही.

म्हणून नियमात एक खिडकी ठेवली आहे. विशिष्ट अडचणीपुरती, पुन्हापुन्हा लागणार नाही अशी, चार महिन्यांच्या पुढे न जाणारी मदत दिली, तर ती नियमाच्या भाषेत ‘असिस्टन्स’ धरत नाहीत. साठ महिन्यांचं घड्याळ सुरू होत नाही, ती कामाच्या तासांची अटही लागत नाही. डायव्हर्जनची रक्कम देतात ती या खिडकीतून. अट, रक्कम, पुन्हा अर्ज करायला किती दिवस थांबायचं, हे प्रत्येक राज्य आपलं आपण ठरवतं. तुझ्या राज्याचं मॅन्युअल वाच. त्यातली तळटीप आधी वाच.

आता खरं काम. एक बाई आली होती, वृद्धाश्रमात रात्रपाळीची मदतनीस. फॉर्मवर ‘नोकरी नाही’ असं लिहिलेलं. मी विचारलं, “शेवटचा पगार कधी आला?” तिने फोनचं कव्हर उघडलं आणि आत घडी करून ठेवलेली टोइंगची पावती काढली. दोन बोटांएवढी घडी, कडांना फाटायला आलेली. पगाराचं काही न बोलता तीच माझ्यापुढे सरकवली. गाडीचा ऑल्टरनेटर गेला होता, मेकॅनिकने ६४० डॉलर सांगितले होते, वृद्धाश्रम शहराबाहेर आणि रात्री अकरानंतर तिकडे बस नाही. तीन पाळ्या चुकल्या होत्या. वरिष्ठ बाई म्हणाल्या होत्या, शुक्रवारपर्यंत जागा धरते. म्हणजे नोकरी अजून होती! फॉर्मवरच्या चौकटीत ‘शुक्रवारपर्यंत आहे’ असा पर्याय नव्हता, एवढंच. तिची लेखी संमती घेऊन मी वृद्धाश्रमात फोन करून खात्री केली, पैसे थेट गॅरेजला गेले, शनिवारी ती कामावर होती. रोख मदतीसाठी ती परत आली नाही, आली ती फूड स्टॅम्पच्या, म्हणजे अन्नखर्चाच्या सरकारी मदतीच्या, नूतनीकरणाला, तेही पगाराची पावती घेऊन.

तिला मी विचारलेला प्रश्न वेगळा होता, हे लक्षात घे. “तुम्हाला काय हवंय?” असं विचारलंस तर लोक योजनेचं नाव सांगतात, कारण ऑफिसात तेच चलन चालतं असं त्यांना वाटतं. “शेवटचा पगार कधी आला, आणि मग कशामुळे थांबला?” असं विचार. मग पावती बाहेर येते, किंवा चष्मा, किंवा लायसन्सचा थकलेला दंड, किंवा पायात घालायचे सेफ्टी बूट. एका माणसाला गोदामात काम लागलं होतं आणि लोखंडी टोकाचे बूट नव्हते म्हणून तो दारातूनच परतला होता. बूट! उत्तरात एकच गोष्ट आली आणि ती या आठवड्यात सुटण्याजोगी असली, तर डायव्हर्जन. उत्तर संपतच नसेल, तर पूर्ण अर्ज घे, आणि त्याच दिवशी घे.

हे मी शिकले ते चूक करून. एकीचं भाडं थकलं होतं आणि हातात नव्या नोकरीचं पत्र होतं. मी खूश. एकरकमी पैसे दिले, घरमालकाला चेक गेला, फाइल बंद. महिन्याच्या आकड्यांत ती माझी यशस्वी केस होती. नवव्या आठवड्यात ती पुन्हा समोर. पाळी पहाटे पाचला सुरू व्हायची आणि मुलाचं डे-केअर साडेसहाला उघडायचं. शेजारीण महिनाभर सांभाळून थकली. मी पत्रावरचा पगार वाचला होता, वेळ वाचली नव्हती. आणि आमच्या राज्याच्या नियमाप्रमाणे एकरकमी मदत घेतल्यावर काही महिने रोख मदत बंद. मी सही घेतली होती त्याच कागदाने तिचा रस्ता अडवला. “तुम्ही तर म्हणाला होतात की हे बरं पडेल,” एवढंच ती म्हणाली. आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

त्यानंतर मी पाळीची वेळ, बसची वेळ आणि डे-केअरची वेळ एका कागदावर शेजारीशेजारी लिहायला लागले. तूही लिही. एक तरतूदही पाठ असू दे: सहा वर्षांखालच्या मुलाची सोय खरंच मिळत नसेल, तर एकट्या पालकाची मदत काम न केल्याबद्दल कापता येत नाही. हे त्यांना कुणी आपणहून सांगत नाही. तू सांग.

आता तुझ्या शंकेकडे येते. १९९८ मध्ये न्यूयॉर्क शहराने वेल्फेअर ऑफिसांना ‘जॉब सेंटर’ म्हणायला सुरुवात केली. नाव चांगलं. पण आलेल्या लोकांना पहिल्या दिवशी अर्जच द्यायचा नाही, उद्या या, आधी काम शोधा, असं चाललं. आणि रोख मदतीच्या अर्जाबरोबर त्यांचे फूड स्टॅम्प आणि मेडिकेडचे (गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याचे) अर्जही अडकले. लोक कोर्टात गेले, आणि जानेवारी १९९९ मध्ये संघराज्याच्या न्यायालयाने शहराला रोखलं. फूड स्टॅम्पचा अर्ज नाव, पत्ता आणि सही एवढ्यावर त्याच दिवशी घ्यावा लागतो. निकाल ३० दिवसांत, आणि घरात अगदीच काही नसेल तर सात दिवसांत. मेडिकेड तर १९९६ पासून रोख मदतीपासून वेगळंच केलंय. म्हणजे कुणी एकरकमी मदत घेतली, किंवा रोख मदत नकोच म्हणाली, तरी हे दोन अर्ज तुझ्या टेबलावरून पुढे जायलाच हवेत. डायव्हर्जन घेणाऱ्या किती जणींचे हे दोन अर्ज पुढे गेले, ते स्वतःच्या वहीत मांड. आकडा कमी निघाला, तर तुझी शंका खरी आहे असं समज आणि सुपरव्हायझरशी बोल.

काम कोणतंही घ्यावं की बरं मिळेपर्यंत थांबावं, यावर तुझ्या ऑफिसात वाद होतील. नव्वदच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड काउंटीने ‘आधी काम, कुठलंही काम’ हा धडा गिरवला आणि तिथल्या लोकांची कमाई खरंच वाढली. मग देशभर त्याचीच नक्कल झाली. ओरेगनमधल्या पोर्टलंडनेही कामावरच भर दिला, पण पूर्णवेळ, किमान वेतनापेक्षा जास्त पगाराचं, विमा देणारं काम बघा, असं लोकांना सांगितलं आणि गरज असेल त्याला थोडकं शिक्षणही दिलं. तुलनात्मक अभ्यासांत पोर्टलंडचे निकाल सगळ्यात चांगले निघाले. माझं मत विचारशील तर मी पोर्टलंडच्या बाजूची. पण भाडं पाच तारखेला द्यायचंय अशा बाईला थांबायला सांगताना तुझी जीभ अडखळली पाहिजे. तिला आत्ताचं काम घेऊ दे आणि पुढच्या कामाचा अर्ज त्याच आठवड्यात भरून घे.

पगाराचा हिशेब तिच्यासमोर कर, कॅल्क्युलेटरवर नको, कागदावर. पगार वाढला की फूड स्टॅम्प घटतात, डे-केअरचा वाटा वाढतो, हे तिला आधीच माहीत असतं. तिला कुणी ‘काम करा म्हणजे झालं’ म्हणालं की राग येतो तो त्यामुळे. पण दुसरी बाजू बहुतेकांना माहीत नसते. १९७५ पासून चालत आलेलं अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट, म्हणजे कमी कमाईच्या लोकांना कर खात्याकडून मिळणारे पैसे, कमावणाऱ्यालाच मिळतं. २०२४ च्या उत्पन्नासाठी दोन मुलांच्या घराला ते जास्तीत जास्त ६,९६० डॉलर होतं. कर लागत नसला तरी रिटर्न भरावं लागतं, आणि ते भरून देणारी मोफत केंद्रं असतात. बायका दुकानात शंभर-दोनशे डॉलर देऊन भरून घेतात, ते बघून माझा जीव तुटायचा.

आणि पहिल्या पगाराचं अंतर विसरू नकोस. सोमवारी कामाला लागलेल्या माणसाला पैसे दोन-तीन आठवड्यांनी दिसतात. तोवर पेट्रोल कुठून? नोकऱ्या सुटतात त्या पुष्कळदा याच मधल्या दिवसांत, आणि आपल्या नोंदीत ‘कामाला लागली’ असंच राहतं.

तुरुंगातून सुटून आलेल्याला कुणी घेत नसेल तर फेडरल बाँडिंगबद्दल, म्हणजे कामगाराने चोरी किंवा फसवणूक केली तर मालकाला भरपाई देणाऱ्या हमीबद्दल, मालकाला सांग: पहिल्या सहा महिन्यांसाठी ५,००० डॉलरचा बाँड, मालकाला फुकट. नवऱ्याच्या मारामुळे पळून आलेली असेल, तर कामाच्या अटी आणि महिन्यांची मर्यादा शिथिल करण्याची तरतूद बऱ्याच राज्यांनी स्वीकारली आहे. हा प्रश्न मात्र दार बंद करून विचार, आणि सोबत आलेल्या माणसाला आधी बाहेर पाठव.

‘केस’ हा शब्द मीही तोंडातून घालवू शकले नाही, या पत्रातसुद्धा आलाय. खुर्ची तेवढी बदलता आली. टेबलापलीकडे असायची, ती मी माझ्या बाजूला, स्क्रीन दिसेल अशी ठेवली. लोक स्वतःची माहिती वाचून चुका सांगतात, त्यात अर्धा तास वाचतो.

सोमवारी गेलीस की एवढं कर. पैसे देणाऱ्या टेबलावरच्या माणसाला विचार, डायव्हर्जनचा चेक मंजुरीनंतर प्रत्यक्ष किती दिवसांत निघतो, आणि गॅरेजला थेट देता येतो का. मॅन्युअलमध्ये लिहिलेले दिवस नकोत, गेल्या महिन्यात खरोखर किती लागले ते. दहा लागत असतील, तर ‘शुक्रवारपर्यंत’ म्हणणाऱ्या बाईला तू काय सांगणार, ते मला कळव.

तुझी,
मावशी