न्यूकॅसल? आधी कुठलं ते बघा

“न्यूकॅसलची ऑफर आलीय, तिकीट आणि खोली आत्ताच बघू का?” असं विचारलंत. घाई नको. ऑफर लेटरवरचं नाव अक्षर न् अक्षर वाचा. ‘न्यूकॅसल युनिव्हर्सिटी’ इंग्लंडात, टाइन नदीकाठी. ‘युनिव्हर्सिटी ऑफ न्यूकॅसल’ ऑस्ट्रेलियात, सिडनीच्या उत्तरेला साधारण १६० किलोमीटरवर. एजंटही इथे गल्लत करतात. व्हिसासाठी लागणारं प्रवेशाचं प्रमाणपत्र ब्रिटनचं विद्यापीठ सीएएस नावाने देतं, ऑस्ट्रेलियाचं सीओई नावाने.

तिकिटावर विमानतळाचा कोड तपासा: एनसीएल टाइनकाठचा, एनटीएल ऑस्ट्रेलियाचा, एनसीएस दक्षिण आफ्रिकेतल्या तिसऱ्या न्यूकॅसलचा. आफ्रिकेतल्या गावाला नाव मिळालं ते ब्रिटनचा वसाहतमंत्री असलेल्या पाचव्या ड्यूक ऑफ न्यूकॅसलवरून. गंमत म्हणजे त्याचा किताब टाइनकाठच्या शहराचा नव्हताच, इंग्लंडातल्याच ‘न्यूकॅसल-अंडर-लाइन’ या दुसऱ्या गावाचा होता.

हे अंडर-लाइमच (‘लाइन’चं आताचं स्पेलिंग) खोली शोधताना नडतं. नुसतं ‘न्यूकॅसल’ टाकलं की तिथल्याही खोल्या दिसतात, भाडं स्वस्त वाटतं आणि लोक ॲडव्हान्स भरून मोकळे होतात. ते गाव स्टोक-ऑन-ट्रेंटला लागून आहे, तिथे रेल्वे स्टेशनसुद्धा नाही. पोस्टकोड बघा: एनई म्हणजे टाइनकडचं, एसटी५ म्हणजे अंडर-लाइम. ऑस्ट्रेलियात विद्यापीठाच्या कॅलहन कॅम्पसचा २३०८. डिपॉझिट इंग्लंडात सहसा पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही, न्यू साउथ वेल्समध्ये (ऑस्ट्रेलियातलं न्यूकॅसल याच राज्यात) चार. जास्त मागणाऱ्याला तिथेच नमस्कार करा.

ब्रिटनचं ठरलं असेल तर क्रम असा: ऑफरच्या अटी पूर्ण, फीचा हप्ता, सीएएस, टीबीची तपासणी, व्हिसा. तिकीट सगळ्यात शेवटी. फी आणि राहण्याच्या खर्चाची रक्कम खात्यात सलग २८ दिवस हवी. मधे एक दिवस जरी कमी पडली तरी अर्ज नाकारला जाऊ शकतो. त्या २८ दिवसांचा शेवटचा दिवस अर्जाआधीच्या ३१ दिवसांत यायला हवा. राहण्याचा खर्च जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा दाखवायचा, व्हिसाच्या नियमातल्या लंडनबाहेरच्या दराने. मात्र प्रवेश न्यूकॅसलच्याच नॉर्थंब्रिया विद्यापीठात असेल तर सीएएसवरचा कॅम्पस वाचा. विद्यापीठ न्यूकॅसलचं असलं तरी त्यांचा एक कॅम्पस लंडनमध्ये आहे, आणि तिथे लंडनचा दर लागतो.

पोहोचल्यावर टाइनकडे विमानतळावरूनच मेट्रो धरा आणि हेमार्केटला उतरा, विद्यापीठ समोरच. ऑस्ट्रेलियात सिडनी सेंट्रलहून न्यूकॅसल इंटरचेंज, तिथे गाडी बदलून हंटर लाइनने वॉराब्रूक. कॅलहनसाठी इंटरचेंजवरच बाहेर पडू नका. तो भाग शहराचा.