इंजिनिअरिंगच्या सेमिनारला इंग्रजीत बोलायचं म्हटलं की घाम फुटतो. स्पोकन इंग्लिशचा क्लास लावू का?

प्रश्नाखाली तू लिहिलंयस की मराठी माध्यम, दुसरं वर्ष, पुढच्या महिन्यात सेमिनार आणि वर्गातली पोरं हसतात. माझा भाचा तुझ्याच वयाचा, म्हणून अरे-तुरे करतोय.

क्लास लावू नकोस, पैसे जातील.

२००४ साल. मेकॅनिकलचं थर्ड इयर. सेमिनारला मी बसची बॉडी बिल्डिंग घेतली, कारण वडील चिकलठाण्याच्या एसटी वर्कशॉपमध्ये फिटर होते. नुसता सांगाडा आत जातो आणि लाल गाडी होऊन बाहेर येते, हे लहानपणापासून बघितलेलं. मराठीत विचारलं असतं तर दोन तास बोलत राहिलो असतो. पण इंग्रजीत आठ पानं लिहिली आणि रात्रभर घोकली.

त्या सांगाड्याला वडील आणि त्यांच्याबरोबरचे सगळे 'चेसी' म्हणायचे. मला वाटलं, हा वर्कशॉपमधला गावठी शब्द. पुस्तकातल्या स्पेलिंगमध्ये (chassis) तर चांगले तीन एस. म्हणून मी अगदी स्वच्छ, ठासून म्हणालो, 'चासिस'. मागच्या बाकावरून सरांचा आवाज आला, "चासिस? लस्सीबरोबर घेतात का?" अख्खा वर्ग खिदळला आणि माझं पुढचं वाक्य गेलं. पाठ केलेलं असलं की मधूनच धरता येत नाही, पहिल्यापासून गाडी सुरू करावी लागते. ओएचपीवर (तेव्हाचा प्रोजेक्टर) ट्रान्सपरन्सी, म्हणजे लिहिलेली पारदर्शक शीट, उलटी पडली होती, ती सरळ करायचंही सुचलं नाही.

उच्चार आहे 'शॅसी'. शब्द मूळचा फ्रेंच, शेवटचा एस बोलतच नाहीत. म्हणजे सातवी पास फिटर जवळपास बरोबर होता आणि त्याचा इंजिनिअर होऊ घातलेला मुलगा चूक. तेच सर वर्षभर 'डिटर्मिन'ला 'डिटरमाइन' म्हणत होते, पण त्यांना कोण हसणार? मार्क त्यांच्या हातात.

आमचे दाजी ही गोष्ट ऐकून आजही म्हणतात, "इंग्लिश मीडियमला असतास तर ही वेळ आली नसती." आणि मी मुलीला मराठी शाळेत घातलं तेव्हा तर दोन महिने बोलले नाहीत. दाजींचा सिद्धांत असा, की इंग्रजी लवकर सुरू केली की भीती मोडते. आम्हाला इंग्रजी पाचवीत आली. २००० पासून ती मराठी शाळांतही पहिलीपासून आहे. म्हणजे तू बारा वर्षं शिकून इंजिनिअरिंगला आलास. मग तुझी का मोडली नाही? कारण त्या बारा वर्षांत तुला कुणी बोलायलाच लावलं नाही. धड्याखालची उत्तरं गाइडमधून उतरवलीस, झालं. भीती इंग्रजीची नसते रे, मागच्या बाकावरच्या हसण्याची असते. दाजींचाच मुलगा नर्सरीपासून इंग्लिश मीडियमला. गेल्या वर्षी कॉलेजच्या प्रेझेंटेशनला चौथ्या स्लाइडवर गप्प झाला, तो झालाच. तेव्हा फोन कुणाला आला? मला. "तू जरा बोल त्याच्याशी."

त्याला सांगितलं तेच तुला. पहिली दोन वाक्यं पाठ कर, बाकीचं अजिबात नको. फळ्यावर आधी आकृती काढ, म्हणजे हात कामात राहतात आणि पोरं तुझ्याकडे न बघता फळ्याकडे बघतात. विषयातले दहा-बारा तांत्रिक शब्द मोबाइलवर ऐकून ठेव (मला ही सोय नव्हती). रूम पार्टनरला तीनदा ऐकव, त्याला मधेच हसायलाही सांग. अडलास तर बिनधास्त मराठीत एक वाक्य टाक. व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) माझ्या एक्स्टर्नलनी, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांनी, तर स्वतःहूनच मराठीत विचारलं होतं.

आता हे मी कारखान्यात शॉप फ्लोअरवर नोकरी करणारा माणूस म्हणून सांगतोय. तुला परदेशी क्लायंटशी बोलायचं काम हवं असेल तर रोजचा सराव लागेलच, त्यासाठी क्लास वाईट नाही. म्हणजे वर 'लावू नकोस' म्हणालो ते सेमिनारपुरतं धर. आणि मराठीत चार लोकांसमोर बोलतानाही छातीत धडधडत असेल, तर मामला इंग्रजीचा नाही, कॉलेजच्या समुपदेशकांना भेट.

क्लासवाल्याने फी किती सांगितली ते मात्र कळव. दाजींना पाठवायची आहे.