‘एलम’ कोण होता?

ब्लूज म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे लोकसंगीत. टेक्ससचा ब्लूज गायक आणि गिटारवादक ब्लाइंड लेमन जेफरसन याच्या नावातील ‘लेमन’ हे टोपणनाव आहे काय, आणि तो डॅलसच्या ज्या ‘डीप एलम’ भागात वाजवत असे तो एलम कोण, असे एका वाचकाने विचारले आहे.

लेमन हे जन्मनाव आहे. ‘ब्लाइंड’ हे अंधत्वामुळे चिकटलेले बिरूद असून त्या काळी ते तबकड्यांवर सर्रास छापले जाई. जे निवेदक हौसेने ‘आंधळा लिंबू’ असे भाषांतर करतात, त्यांनी आपल्याकडच्या गुलाबरावांची इंग्रजीत ओळख कशी करून देणार, तेही सांगून टाकावे. पॅरामाउंट या तबकड्यांच्या कंपनीने १९२८ साली त्याच्या एका तबकडीला लिंबाच्या रंगाचे लेबल लावले होते खरे, पण तो विक्रेत्याचा श्लेष झाला.

खरी गंमत ‘एलम’मध्ये आहे. एलम हा कोणी माणूस नव्हे, तो वृक्ष आहे. डॅलसमधील एल्म स्ट्रीटचे पूर्वेकडचे, रेल्वेरुळांलगतचे टोक म्हणजे ‘डीप एल्म’, आणि लोकांच्या तोंडी त्याचेच ‘डीप एलम’ झाले. ल् आणि म् यांच्यामध्ये जो निसटता स्वर शिरला, त्याला आपल्या प्रातिशाख्यकारांच्या, म्हणजे वेदांच्या उच्चारांचे नियम लिहिणाऱ्यांच्या, परिभाषेतला ‘स्वरभक्ती’ हा शब्द नेमका लागू पडतो. ‘फिल्म’चे ‘फिलम’, ‘धर्म’चे ‘धरम’, ‘वर्ष’चे ‘वरीस’ हे सारे त्याच घराण्यातले. काही जाणकार ‘एलम’ला अशिक्षित कृष्णवर्णीयांचा चुकीचा उच्चार म्हणतात, ते मला साफ अमान्य आहे. हाच ‘एलम’ इंग्लंडच्या बोलींत आढळतो आणि आयरिश माणूसही ‘फिलम’च म्हणतो, तेव्हा ज्यांना हा उच्चार अडाणी वाटतो, त्यांचे भांडण डॅलसशी नसून मनुष्याच्या जिभेशी आहे.

याच रस्त्यावर जेफरसनची लेड बेली या गायक-गिटारवादकाशी जोडी जमली, आणि पुढे विजेच्या गिटारीवर नाव कमावणारा टी-बोन वॉकर पोरवयात त्याला हात धरून नेत असे. १९२६ ते १९२९ या अवघ्या चार वर्षांत जेफरसनने तबकड्यांच्या सुमारे शंभर बाजू ध्वनिमुद्रित केल्या आणि १९२९च्या डिसेंबरात शिकागोत त्याचा मृत्यू झाला.

आता माझे एक लाडके मत. बारा मापांचा (माप म्हणजे ठरावीक मात्रांचे एक आवर्तन) ब्लूजचा ठरीव साचा जेफरसन क्वचितच जसाच्या तसा पाळतो. गायलेली ओळ संपली की तो गिटारीच्या एकेका तारेवर तिला उत्तर देतो आणि ते उत्तर पुरे होईपर्यंत पुढच्या ओळीला खुशाल ताटकळत ठेवतो, मग त्यात दोन मात्रा जास्त गेल्या तरी चालतात. काही समीक्षक याला तालातला कच्चेपणा समजतात. मला ती लयीतली स्वरभक्ती वाटते: एल् आणि म् यांच्यामध्ये जीभ जशी टेकते, तशीच दोन ओळींमध्ये त्याची बोटे टेकतात. ‘मॅचबॉक्स ब्लूज’ ऐकताना मात्रा मोजून पाहाव्यात.