नवीन डांबरी रस्त्याला पहिल्याच पावसात खड्डे पडले, तक्रार कुठे करायची?

मुंबई पालिकेच्या १९१६ ला फोन करा नाहीतर त्यांच्या पॉटहोल क्विकफिक्स अ‍ॅपवर फोटो टाका, तक्रार नंबर जपून ठेवा, एवढं तुम्हाला माहीत असेलच. पण तुम्ही प्रश्नाखाली जे लिहिलंय ना, की मुंबईचा पाऊसच असा, कोण काय करणार, ते वाचून राहवलं नाही. नुसत्या पावसाने नवीन रस्ता असा उखडत नाही हो. केबलबिबलसाठी खणून नीट न बुजवलेल्या चराने उखडतो.

माझे बाबा पालिकेच्या रस्ते खात्यात मुकादम होते. चर बुजवायचा तर भरणी थराथराने टाकायची, पाणी मारायचं, प्रत्येक थर धुम्मसने, म्हणजे जड ठोकणीने, ठोकून दाबायचा, मग खडी, मग डांबर, आणि कडेचा सांधा असा भरायचा की थेंब आत जाता कामा नये, हे मी लहानपणापासून जेवताना ऐकत आले. आमच्या मुलुंडच्या गल्लीत रस्ता नवा कोरा झाला आणि पावसाळ्याच्या तोंडावर कुठल्याशा केबलसाठी एका बाजूने खणला. ठेकेदाराच्या माणसांनी निघालेला मलबाच परत आत लोटला, वरून पातळ डांबर फासलं आणि गेले. जुलैत चर खचला. सोसायटीतल्या एक काकू रिक्षातून उतरताना पाय त्यात जाऊन पडल्या, मनगट मोडलं.

मीटिंगमध्ये आमचे अध्यक्ष म्हणाले पाऊस आहे, होणारच, आणि माझ्याकडे बघून वर हेही म्हणाले की तुमच्या वडिलांच्या खात्यानेच आयुष्यभर खाल्लं, आता तक्रार कसली करताय. बाबांना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी म्हटलं खाली चला आणि बघा, त्याच रस्त्याचा न खणलेला भाग, तेच डांबर, तोच पाऊस, त्याच रिक्षा, तिथे एक खड्डा दाखवा. कोणी उठलं नाही.

मग वॉर्ड ऑफिसला लेखी अर्ज दिला आणि सोबत माहिती अधिकारात विचारलं की खोदकामाची परवानगी कोणाला होती, चर बुजवायचं काम कोणाचं, हमी कालावधी कधीपर्यंत. फी १० रुपये, उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. उत्तर यायच्या आधीच दुय्यम अभियंता स्वतः येऊन बघून गेले, भला माणूस, आणि पाऊस उघडल्यावर त्याच ठेकेदाराला स्वखर्चाने तो चर उकरून नीट भरावा लागला. अजून टिकलाय.

तेव्हा तुम्ही आधी बघा खड्डे एका रेषेत आहेत की कुठेही विखुरलेत. रेषेत असले तर बहुतेक चरच. विखुरलेले असले तर रस्ता बनवणाऱ्याला धरायचं, त्याच्या कंत्राटाचा हमी कालावधी विचारा, कारण त्या काळात दुरुस्ती त्याच्या खिशातून होते, आपल्या टॅक्समधून नाही.

हां, रस्ता पालिकेचाच आहे ना हे मात्र पक्कं करा. ईस्टर्न आणि वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे २०२२ पासून पालिकेकडे आलेत, पण खासगी लेआउटमधला रस्ता असेल तर गोष्ट वेगळी. ट्रॅफिक पोलिसांकडे तक्रार करायची का असंही विचारलंत, तर खड्डा बुजवणं त्यांचं काम नाही, पण मोठा असेल तर बॅरिकेड लावायला त्यांना जरूर सांगा. आणि कोणी पडलं तर हॉस्पिटलचे पेपर फेकू नका, ऑक्टोबर २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख भरपाई द्यायचा आदेश दिलाय.

एक मात्र करू नका, वर्गणी काढून पेव्हर ब्लॉक टाकू नका. आमच्या अध्यक्षांना तेच करायचं होतं, प्रत्येक फ्लॅटमागे पैसे गोळा करून. आपण बुजवलं की ठेकेदार सुटला, मग बघायला आलेल्या अभियंत्याला दाखवणार काय? हे मी मीटिंगमध्ये बोलले होते आणि मिनिट्समध्ये लिहा असंही सांगितलं होतं, त्यांनी लिहिलं नाही, म्हणून इथे लिहितेय.